सव्वासहाचा पाहुणा

दाखलेसाहेबांना स्वतःच्या बायकोला ‘वहिनी’ म्हणायची सवय व्हायला तीन आठवडे लागले. आधी आधी तोंडातून ‘अगं’ निसटायचं. मग ती हातातलं काम टाकून दोन पावलं मागे सरकायची आणि म्हणायची, “काका, हे घरात नाहीत. त्यांच्या माघारी असं एकेरीवर येणं बरं दिसतं का?” बेचाळीस वर्षं एका छपराखाली काढलेल्या माणसाने यावर काय बोलावं? दाखलेसाहेबांनी आठवून आठवून पाहिलं, अशा प्रसंगासाठी कुठल्याच नियमावलीत कलम नव्हतं. शेवटी ते म्हणाले, “चुकलं, वहिनी.” लगेच ती हसली, खुर्ची पुढे सरकवली. “बसा की. सव्वासहाला येतीलच ते.”

दाखलेसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. नगरपालिकेच्या नोंदणी कार्यालयात चार नंबरच्या खिडकीमागे बसून त्यांनी चौतीस वर्षं जन्माचे, मृत्यूचे, लग्नाचे आणि रहिवासाचे दाखले दिले. म्हणजे निम्म्या वेळा दिले आणि निम्म्या वेळा ‘सोबतचा कागद अपुरा’ म्हणून परत पाठवले. त्यांच्या सहीवाचून त्या गावात कुणाला धड जन्मता येत नव्हतं की मरता येत नव्हतं. खरं नाव उरलं होतं ते फक्त जिन्याखालच्या टपालपेटीवर, आणि तेही गंजाने निम्मं खाऊन टाकलं होतं.

विसर उंदरासारखा असतो, आधी कोपरे कुरतडतो. बाईंचा आधी कालचा दिवस गेला, मग मागचं वर्ष, मग नातवंडं. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली होती, ती हळूहळू लहान होत होत पुन्हा शाळेत जायला लागली. असं मागे मागे जात बाई आपल्या तिसाव्या वर्षापर्यंत पोचल्या आणि तिथे त्यांनी बिऱ्हाड मांडलं. त्या घरातला नवरा चौतीस वर्षांचा होता, काळ्याभोर केसांचा, सव्वासहाला घरी येणारा. आता सत्तरीचा, टकलावर चष्मा ठेवून चष्मा शोधणारा हा म्हातारा तो नवरा नव्हे, हे कुणीही शहाणी बाई सांगेल. हा कुणी भला काका होता. ह्यांना भेटायला रोज यायचा, आणि बिचाऱ्याची वेळ रोज चुकायची.

ती आत झोपली की काका पुन्हा घरधनी व्हायचे आणि बाहेरच्या खोलीत आडवे व्हायचे. सकाळी तिच्या आधी उठून, बूट घालून, पाहुण्यासारखे खुर्चीच्या टोकावर बसायचे.

हेही त्यांनी निभावून नेलं असतं. पण सहा वाजले की ती केस विंचरायची, चहाचं आधण ठेवायची आणि वाट बघायला उभी राहायची. आधी दारात, मग फाटकात, मग रस्त्याच्या कडेला. तिथे उभी राहून आपलं आपणच जुळवलेलं गुणगुणायची :

वाटेकडे डोळा माझा, डोळ्यामधी वाट
साडेपाचला सुटलेल्याची सव्वासहाशी गाठ

एका संध्याकाळी ती रस्त्याच्या मधोमध गेली. ट्रकवाल्याने कचकन ब्रेक मारला, खाली उतरला आणि धावत आलेल्या दाखलेसाहेबांवरच खेकसला, “आजोबा, घरातलं माणूस घरात ठेवता येत नाही का?” बाईंनीच त्याला समजावलं, “ओरडू नकोस रे बाबा. ह्यांची बस चुकली असेल.”

त्या दिवसापासून दाखलेसाहेबांची झोप उडाली आणि शेजाऱ्यांची जीभ सुटली. सल्ला ही जगातली एकच वस्तू, जी कुणी मागत नाही आणि कधी संपत नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, “सोपं आहे. टोप घाला, जुनी बॅग घ्या आणि सव्वासहाला बेल वाजवा.” दाखलेसाहेबांनी टोप आणला, पोट आत घेतलं, बेल वाजवली. दार उघडून तिने त्यांना टोपापासून बुटांपर्यंत पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, “काका, तुम्ही आमच्या ह्यांची नक्कल करताय? त्यांनी पाहिलं तर वाईट वाटेल हो त्यांना.” औषधाच्या दुकानदाराने वेगळाच सल्ला दिला, सहाच्या आधी बाहेरून कुलूप लावा. लावलं. ती सगळी संध्याकाळ दाराला कपाळ टेकून उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. दाखलेसाहेब कुलपाच्या अलीकडे जिन्यात उभे होते. सात वाजता त्यांनी कुलूप काढलं आणि किल्ली गटारात टाकली.

पुतळ्याची कल्पना त्यांना कपड्याच्या दुकानात सुचली. सुचली म्हणण्यापेक्षा अंगावर आली. तिथे दारापाशी उभ्या असलेल्या विक्रेत्याला त्यांनी टॉवेल कुठे आहेत म्हणून विचारलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जरा वरच्या पट्टीत. तो नुसता बघत राहिला. तेव्हा दाखलेसाहेबांनी तक्रारवही मागवली आणि ‘सदर कर्मचाऱ्याचे वर्तन उर्मट असून’ असं सव्वा पान लिहून खाली सही ठोकली. मालकाने वही वाचली, घसा खाकरला आणि अगदी अदबीने सांगितलं की सदर कर्मचारी रबराचा आहे.

सगळं दुकान हसलं. दाखलेसाहेबांचे कान लाल झाले. पण ते जागचे हलले नाहीत. त्या कर्मचाऱ्याच्या मनगटावरची निळसर शीर, नखाखालची चंद्रकोर, गालावर दाढी करताना राहून गेलेला एक केस, हे सगळं ते बघत राहिले. मग त्यांनी लिहिलेली तक्रार खोडली आणि मालकाला विचारून त्याच पानावर, तो कर्मचारी घडवणाऱ्या मूर्तिकार बाईंचा पत्ता उतरवून, पान फाडून घेतलं.

मूर्तिकार बाईंचं कामाचं ठिकाण टायरच्या गोदामावर होतं. खाली रबराचा वास, वरतीही रबराचा वास. भिंतीला टेकून चादरी पांघरलेली माणसं उभी. एका खोक्यात डोळे, आकारवार लावलेले. टेबलावर एक म्हातारी मान खाली घालून बसलेली, अर्ध्या डोक्यावर केस, अर्धं उघडं. मूर्तिकार बाई हातात सुई घेऊन एकेक केस रोवत होत्या. मागे न वळता त्या म्हणाल्या, “बसा. हिच्या कानापर्यंतचे केस संपवते, मग तुमच्याकडे.” दाखलेसाहेब बसायला गेले तर खुर्चीत आधीच एक गृहस्थ. “माफ करा,” म्हणून ते मागे सरकले आणि पुन्हा एकदा त्यांचे कान लाल झाले.

त्यांनी सगळं सांगितलं. मूर्तिकार बाईंची सुई थांबली. “अख्खा माणूस करायला वर्ष जाईल,” त्या म्हणाल्या. “पण त्या खुर्चीतल्याचं धड तयार आहे. संग्रहालयासाठी ‘गाडीची वाट पाहणारा प्रवासी’ करत होते, त्यांनी ऑर्डर रद्द केली. त्याच्यावर तुमचं डोकं आणि तुमचे हात बसवू.”

अशा रीतीने वाट पाहणाऱ्या एका परक्याच्या खांद्यावर दाखलेसाहेबांचं डोकं जायचं ठरलं. नाकात दोन नळ्या घालून, चेहऱ्यावर दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला गार लगदा थापून ते वीस मिनिटं निपचित पडून राहिले. त्या वीस मिनिटांत हेडमास्तरांचे तीन फोन आले. साच्यातून निघालेला सत्तरीचा चेहरा मूर्तिकार बाईंनी मातीत उतरवला आणि वजाबाकी सुरू केली. डोळ्यांखालच्या पिशव्या गेल्या, गळ्याची कातडी गेली. संत्र्याची साल दाबून दाबून गालावर छिद्रं उमटवली. भुवया रोवायलाच तीन दिवस लागले. सगळं जमलं, तोंड अडलं.

फोटो होते, पण प्रत्येक फोटोत दाखलेसाहेब ओळखपत्रावर असतात तसेच होते. मूर्तिकार बाईंनी फोटोंचा गठ्ठा परत केला. “हा नको. घरी येतानाचा चेहरा हवा. दार उघडल्यावर कसे दिसायचात तुम्ही?”

“मला काय माहीत? मी दाराच्या बाहेर असायचो.”

“मग दाराच्या आत जी असायची तिला विचारा.”

त्या संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन दाखलेसाहेबांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “वहिनी, साहेब घरी येतात तेव्हा चेहरा कसा असतो हो त्यांचा?”

ती खळखळून हसली. “चेहरा? काका, खिडकी बंद झाली की पाटी लावतात ना, ‘उद्या या’? तसा.”

“बोलतात काही?”

“‘हं’ म्हणतात. कधी कधी तेही ऑफिसात विसरून येतात.” मग तिने आतल्या खोलीकडे बघून आवाज खाली आणला, “मुलगी झोपलीय. माणूस वाईट नाही हो. दिवसभर लोकांचं ऐकून ऐकून येतात, घरी ऐकायला कान शिल्लक राहत नाहीत. मीच आपली सगळं साठवून ठेवते. एखाद दिवशी मोकळे असतील तेव्हा सांगीन.”

दाखलेसाहेबांनी कप खाली ठेवला. चहा त्यांना गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मूर्तिकार बाईंनी विचारलं, “काय म्हणाल्या?”

“हसरा,” दाखलेसाहेब म्हणाले. “घरी येताना माझा चेहरा हसरा असायचा.”

“नक्की?”

“लेखी देतो.” आणि त्यांनी खरंच लेखी दिलं. चौतीस वर्षांत ज्या माणसाने कुणाच्या वयाचा एक दिवस इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्याने आयुष्यातली पहिली खोटी नोंद केली, ती स्वतःच्या ओठांबद्दल.

पुतळा तयार झाला. शहाण्या माणसाने चादरीत गुंडाळून गुपचूप घरी आणला असता. पण इमारतीच्या सेक्रेटरीला उगाच बोलायची सवय. तो म्हणाला, “पुतळा बसवायला नगरपालिकेची परवानगी लागते का हो? मला वाटतं नसावी लागत. आपलं तुम्ही आहात म्हणून विचारलं.” झालं! दाखलेसाहेबांसमोर नियमाचं नाव काढणं म्हणजे वाळल्या गवतात काडी टाकणं. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला ते चार नंबरच्या खिडकीसमोर उभे. आयुष्यात पहिल्यांदाच, बाहेरच्या बाजूने.

खिडकीत त्यांच्याच हाताखाली तयार झालेली बाई होती. तिने उठून चहा विचारला आणि बसून अर्ज वाचला. वाचता वाचता तिची पेन्सिल थांबली.

“साहेब, कलम नऊ. पुतळ्यातील व्यक्तीच्या मृत्यूचा दाखला जोडावा.”

“व्यक्ती तुझ्यासमोर उभी आहे.”

“मग कलम नऊ पूर्ण होत नाही.”

“मी जिवंत आहे हा काय माझा दोष?”

“दोष नाही साहेब. त्रुटी आहे.”

कलम नऊ कुणी घातलं, हे दोघांनाही ठाऊक होतं. एका नगरसेवकाने स्वतःचाच पुतळा चौकात बसवायचा घाट घातला, तेव्हा दाखलेसाहेबांनीच ते सुबक अक्षरात लिहून नियमात चिकटवलं होतं. घरात बायको ओळखत नाही आणि कार्यालयात मेल्याशिवाय चालत नाही! त्यांनी खिडकीच्या गजांना धरलं. बाईला दया आली असावी. तिने इकडे तिकडे बघितलं, नवा कागद घेतला आणि लिहिलं : ‘घरगुती सामान. खुर्ची, एक नग. व्यापलेली.’ फर्निचरला परवानगी लागत नाही.

तर अशी ती व्यापलेली खुर्ची, वरून पांढरी चादर घालून, चार हमालांनी जिन्याने वर चढवली. पुतळ्याचा एक हात चादरीबाहेर आला होता. हेडमास्तर वरून खाली येत होते. त्यांनी हात ओळखला आणि कठड्यावर मटकन बसले. “अरेरे! काल संध्याकाळी तर बोलले माझ्याशी!” दारं उघडली. सेक्रेटरीने भराभर फोन लावले. हेडमास्तर उभे राहिले आणि दोन वाक्यांत आवरता न येणारं भाषण सुरू केलं, “असा शिस्तीचा, असा काटेकोर माणूस...” त्यांचा ऊर भरून आला होता. पुतळ्याचे बूट हातात घेऊन मागून चढत आलेले दाखलेसाहेब खालच्या पायरीवर थांबले. कुणी आपल्याबद्दल इतकं चांगलं बोलतंय म्हटल्यावर मध्ये पडायचं कसं? शेवटी हेडमास्तर “स्वभावाने थोडे तिरसट असले तरी” इथपर्यंत आले, तेव्हा मात्र त्यांना खोकावं लागलं.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. मुलगी हुंदके देत होती, “बाबा गेले म्हणे! कुणी उचललाय फोन? कोण बोलतंय?”

“मीच बोलतोय.”

दाखलेसाहेबांनी तिला पुतळ्याचं सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, “बाबा, आईला फसवायला हे काय काय करताय तुम्ही?”

“फसवत नाही गं,” दाखलेसाहेब म्हणाले. “घरी येतोय.”

सहा वाजता बाई आत केस विंचरत होत्या. हमाल गेले, शेजारी पांगले. खिडकीपाशी, हातात वर्तमानपत्र धरून, चौतीस वर्षांचे दाखलेसाहेब हसत बसले होते. सत्तरीचे दाखलेसाहेब स्वयंपाकघरात दाराआड, श्वास रोखून.

पावलं आली आणि थांबली. मग तिचा आवाज, “या, बसा ना. म्हणजे, बसलाच आहात.”

ती लगबगीने स्वयंपाकघरात आली आणि कुजबुजली, “काका, बाहेर कोण आलंय? अगदी आमच्या ह्यांच्यासारखे दिसतात. पण हे नव्हेत.”

“कशावरून?”

“हसतायत ना!”

तिने तीन कप मांडले. एक काकांना, एक नव्या पाहुण्याला आणि एक सव्वासहाला येणाऱ्याला. मग नेहमीसारखी ती फाटकाकडे निघाली आणि दाखलेसाहेब हातात चप्पल घेऊन तिच्यामागे धावले.

मूर्तिकार बाईंना निरोप गेला. तीन दिवसांनी त्या पेटी घेऊन आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. दाखलेसाहेबांनीच मान खाली घालून कबुली दिली, “‘उद्या या’ अशी पाटी असते ना, तसा होता.” “ओठांचे कोपरे दोन सूत खाली घेते,” त्या म्हणाल्या आणि पेटी उघडायला लागल्या.

तिकडे बाई नव्या पाहुण्यासमोर बसल्या होत्या. नळाला पाणी बारीक येतं. मुलीच्या वह्यांना कव्हरं घालायची राहिलीत. बहिणीचं पत्र आलंय, वाचून दाखवू का? तासभर बोलत होत्या. मध्येच थांबल्या. मान कलती करून पाहुण्याकडे पाहिलं. “लक्ष आहे का तुमचं?” पाहुणा गप्प. “मी शेवटचं काय म्हणाले, सांगा बरं?” पाहुणा गप्प.

बाईंनी टाळी वाजवली. “अगंबाई! हेच की हो! काका, या या, हेच आहेत! तासभर बोलतेय, हं नाही की चूं नाही. दुसरं कोण असणार?”

दाखलेसाहेबांनी हरकत घ्यायला तोंड उघडलं. पण सोबत जोडायला एकही कागद नव्हता.

मूर्तिकार बाईंनी हातातली पट्टी पुसून पेटीत ठेवली. “ओठ राहू देत आता,” त्या हळूच म्हणाल्या. “ओळख पटलीय.” जाताना त्या उंबऱ्यात क्षणभर थांबल्या. दाखलेसाहेबांच्या खांद्याला, हे धड कुणाचं आहे बघावं तसा, हात लावून गेल्या.

त्या संध्याकाळी सव्वासहाला बाई फाटकात गेल्या नाहीत. रस्त्यावरून ट्रक गेला, सरळ गेला. काम फत्ते झालं होतं. फाटकात दाखलेसाहेब एकटेच उभे होते. रोजच्या सवयीने पाय तिकडे गेले होते, एवढंच. आत दिवा लागला. ती कुणाला तरी पांघरूण घालत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीसारखी खुर्ची पुढे ओढली, तर ती अवघडून उभीच राहिली. हातांची बोटं एकमेकांत गुंतवत म्हणाली, “काका, राग मानू नका हं. इतके दिवस हे नसायचे, तुमचा आधार होता. आता हे घरीच असतात. तुम्ही रोज रोज यायचं म्हणजे... त्यांना आवडेल न आवडेल. बोलून दाखवणार नाहीत ते, मला माहितेय.”

“बरोबर आहे, वहिनी,” दाखलेसाहेब म्हणाले.

“कधीमधी येत जा. सणावाराला.”

“येईन.”

दार लागलं. आपल्याच दाराचा आवाज बाहेरून कसा येतो, हे त्यांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ते बसले. ती झोपेपर्यंत इथेच काढायचं. पुतळा उचलून परत पाठवणं काही अवघड नव्हतं, फर्निचरच होतं ते. मग उद्यापासून ती पुन्हा रस्त्यावर. त्यांनी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या, जसे आयुष्यभर मांडत आले. एका बाजूला तिचा जीव होता. दुसऱ्या बाजूला नुसती एक खुर्ची, आणि ती व्यापलेली. अर्ज तिथेच निकाली निघाला. वरून हेडमास्तर डोकावले, सल्ला द्यायला तोंड उघडलं, आणि जन्मात पहिल्यांदाच तो गिळून परत आत गेले.

अंधारायला लागलं होतं. मागे कडी वाजली. दार अलगद उघडलं आणि ती बाहेर आली, दोन हातांत दोन कप घेऊन. दार तिने पाठीने ओढून घेतलं.

“गेला नाहीत ना? बरं झालं.” ती एक पायरी वर बसली. “त्यांचा डोळा लागलाय वाटतं. लागला नसला तरी काय! काका, माझी ती गोष्ट अर्धी राहिली. बहिणीच्या पत्राची. त्यांना सांगितली, पण सांगितल्यासारखं वाटलंच नाही. इथे पायरीवर सांगितली तर चालेल ना? घरात आलात असं कुणी म्हणणार नाही.”

“चालेल,” दाखलेसाहेब म्हणाले.

“हळू बोला हं. आत ऐकू जाईल.”

“नाही जाणार, वहिनी. त्यांना कधीच गेलं नाही.”

ती सांगू लागली. बहिणीच्या घरात गळकं छप्पर होतं, एक मांजर होती, मांजरीला चार पिल्लं होती. छत्तीस वर्षांपूर्वीचं पत्र, जे तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. प्रत्येक पिल्लाचा रंग वेगळा, आणि तिला तो नीट सांगायचा होता. दाखलेसाहेब मान वर करून ऐकत होते. दर वाक्यानंतर ते न चुकता “हं” म्हणत होते.

तिसऱ्या पिल्लापाशी ती थांबली. “तुम्ही छान ‘हं’ म्हणता हो काका. ह्यांना जरा शिकवा ना.”

“शिकवलं,” ते म्हणाले. “पण शिकायला फार उशीर केला त्यांनी.”

“असू दे,” ती म्हणाली. “आले ना घरी.” आणि तिने चौथ्या पिल्लाचा रंग सांगायला घेतला.